पानाबाहेरची वेदिका

खंडेरावांच्या साऱ्या लग्नपत्रिका एका सकाळी नापास झाल्या आणि उज्वलाला राग आला तो सॉफ्टवेअरचा नाही, खंडेरावांचा. सरळ रस्ता समोर असला तरी हा माणूस आडवाटेनेच जाणार. नवऱ्याचं हे वळण तिला लग्नापासून ठाऊक होतं, पण आता कॉम्प्युटरनेही ते लाल अक्षरांत सांगावं म्हणजे जरा अतीच झालं. पडद्यावर एकाखाली एक तेच वाक्य येत होतं: फाइल सदोष आहे, पुढे जाता येत नाही.

पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत खंडेरावांचं डीटीपीचं दुकान होतं. त्या बाजूची निम्मी लग्नं आधी त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये लागायची आणि मग मांडवात. पुढे लोक पत्रिका मोबाइलवर पाठवू लागले, आयतं डिझाइन उचलून घरची पोरंच त्यात नावं भरू लागली, आणि दुकानाचं शटर एकदा खाली आलं ते आलंच. तोवर खंडेरावांचे डोळेही अधू झाले होते. मग उज्वला पदर खोचून इंदिरानगरला एका कंपनीत कामाला लागली. कंपनी म्हणजे एका बंगल्याचा वरचा मजला, चार टेबलं, मालक सुयश आणि त्याच्या हाताखाली तेजल. दोघंही तिला काकू म्हणायची आणि ती सुयशला सर म्हणायची. तो दर वेळी संकोचायचा, पण पगार देणाऱ्याला नावाने हाक मारणं तिच्या जिभेवर येत नव्हतं.

सुयशचं सॉफ्टवेअर जुन्या मराठी फायली नव्या मराठीत आणायचं. जुन्या फॉन्टमधलं मराठी म्हणजे बहुरूप्याचं सोंग. पडद्यावर क दिसतो, आत मात्र कुठलंतरी इंग्रजी अक्षर बसलेलं असतं. फॉन्ट काढून घेतला की सोंग उतरतं आणि इंग्रजी अक्षरांचा नुसता काला उरतो. छापखान्यांकडे अशा फायलींचे ढीग पडलेले होते आणि नव्या मशीनवर त्या कुणाला वाचता येत नव्हत्या. उज्वलाचं काम तपासण्याचं. छापलेली पत्रिका डाव्या हाताला, सॉफ्टवेअरने बदलून दिलेली समोर पडद्यावर, आणि ओळीखाली फूटपट्टी सरकवत जायचं.

या फॉन्टांचे छळ तिला नवे नव्हते. शाळेच्या दाखल्यावर तिचं नाव उज्ज्वला. पण तिच्या लग्नाची पत्रिका नवरदेवाने स्वतःच टाइप केली, त्याच्या फॉन्टमध्ये ‘ज्ज्व’ची जोडणी फुटायची, म्हणून त्याने सरळ एक ज कापला. तेव्हापासून ती उज्वलाच राहिली. सासरी येताना एक ज माहेरी ठेवून आले, असं ती हसत सांगायची.

तपासायला फायली कमी पडत होत्या, तेव्हा दुकानाच्या कॉम्प्युटरमधली डिस्क आणि छापील पत्रिकांचा गठ्ठा तिनेच आणून दिला. तो कॉम्प्युटर जळाला होता, पण डिस्क शाबूत होती. सुयशला वाटलं, काकूंचं कामावर किती लक्ष. लक्ष होतंच. पण तिच्या पोटात एक लोभही होता आणि तो तिने कुणाला सांगितला नव्हता. त्या फायलींत वेदिका होती.

वेदिका म्हणजे त्यांची मुलगी, जी झाली नाही.

लग्न नवं होतं तेव्हा उज्वलाही दुकानात टाइपिंगला बसायची. दुपारी गिऱ्हाईक नसलं की दोघं नावं ठरवत. मुलगी झाली तर वेदिका. मुलगा झाला तर काय, यावर बोलणं कधी झालंच नाही. त्याच सुमारास खंडेरावांनी पत्रिकेचा एक नमुना केला. वर गणपती, मध्ये वधूवर, खाली ‘आपले नम्र’, आणि अगदी तळाशी ‘किलबिल’, म्हणजे घरातल्या पोराटोरांची नावं आणि त्यांचं ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’. नमुन्यात कुठलंतरी नाव टाकणं भागच होतं. वर त्यांनी अबक टाकलं, आणि किलबिलीत टाकलं ‘चि. वेदिका’. उज्वलाने ते पाहिलं आणि लाजून पंखा मोठा करायला उठली.

आता या धंद्यात कोऱ्या पानावर कुणी काम करत नाही. कालच्या पत्रिकेवरच आजची चढते. जुनी फाइल उघडायची, नव्या नावाने साठवायची आणि एकेक नाव बदलत जायचं. म्हणून या धंद्यातली चूकही ठरलेली. एखादं नाव बदलायचं राहतं आणि एकाच्या लग्नात दुसऱ्याचा मामा उभा राहतो. तशीच एकदा पंचवटीतल्या एका घरच्या पत्रिकेत, किलबिलीच्या शेवटी, वेदिका छापून गेली.

त्या घरच्या कुसाबाई पत्रिका घेऊन दुकानात आल्या. भांडायला नव्हत्या आल्या, नुसतं विचारायला. घरातली सगळी पोरं बोटावर मोजून झाली, पण ही वेदिका कुणाची ते काही उमगत नाही, असं त्या म्हणाल्या. तोवर दोघांच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. दवाखाने झाले होते, नवस झाले होते, पाळणा काही हलला नव्हता. उज्वला शेजारच्या खुर्चीवर बसून होती. खंडेरावांनी पडद्यावरून मान वर केली नाही.

“कोणाची नाय, आजी,” ते म्हणाले. “चुकून पडली.”

पत्रिका पुन्हा छापून दिल्या, कुसाबाईही समाधानाने गेल्या. पण ‘कोणाची नाय’ हे दोन शब्द उज्वलाच्या मनात जे रुतले ते रुतलेच. त्या दिवसापासून घरात ते नाव कुणी घेतलं नाही. खंडेरावांनी ते पुसलं मात्र नव्हतं. त्यांनी ते पानाच्या चौकटीबाहेर नेऊन ठेवलं, जिथे छपाई पोचत नाही, आणि गिऱ्हाइकाने खांद्यावरून डोकावलं तरी कळू नये म्हणून त्याला इंग्रजी फॉन्ट लावला. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो काला दिसायचा. ज्याची बोटं त्याच कळांवर फिरली, त्याला सरळ ‘वेदिका’ वाचता यायचं. उज्वलाने ते एकदा पाहिलं होतं, आणि पाहिलं असं दाखवलं नव्हतं. पुढे सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तिचं दुकानात जाणं सुटलं, आणि वेदिका तिकडेच राहिली, रोजच्या पत्रिकेबरोबर पुढच्या पत्रिकेत जात. ती अजून आहे का, एवढंच उज्वलाला बघायचं होतं. पोटच्या पोरीच्या शाळेपुढून जाताना आई उगीच फाटकातून आत डोकावते ना, तसंच.

आणि नेमक्या त्याच ओळीपायी फायली नापास होत होत्या.

सुयशने तिला नीट समजावून सांगितलं. पानाबाहेर काहीतरी मजकूर आहे, त्याला फॉन्ट इंग्रजी लावला आहे, आणि मजकूर तर इंग्रजी नाही. अशी विसंगती दिसली की फाइल बिघडलेली समजायची आणि तिला हात लावायचा नाही, असं त्यानेच सॉफ्टवेअरला शिकवलं होतं. म्हणजे ते भारी सोवळ्यातलं होतं. एक डाग दिसला की अख्खं ताट बाजूला. पण शनिवारी छापखान्यांच्या मालकांना सॉफ्टवेअर दाखवायचं होतं, आणि खऱ्या जगातल्या फायली अशाच डागाळलेल्या असणार. तेव्हा सुयशने ते सोवळं सोडायचं ठरवलं.

नवं सॉफ्टवेअर आलं ते अगदी दुसऱ्या टोकाचं. कशालाच नाही म्हणेना. खंडेरावांच्या साऱ्या पत्रिका एका दमात पास झाल्या, पडदा हिरवागार झाला, तेजलने खालून कचोरी मागवली. उज्वलाने कचोरी तशीच ठेवली आणि एक पत्रिका उघडून पानाच्या चौकटीबाहेर सरकली. पांढरं होतं. दुसरी उघडली. तिथेही पांढरं. जे कळलं नाही ते सॉफ्टवेअरने गुपचूप टाकून दिलं होतं, आणि वर कामगिरी फत्ते झाल्याचा हिरवा टिळाही लावला होता.

तिने काय सांगायचं होतं? छापील पत्रिकेत नव्हतं ते बदललेल्या पत्रिकेत नाही, ही तक्रार कशी होते? तपासनीस म्हणून तिला बोट ठेवायला जागाच नव्हती. आणि खरं सांगायचं तर या तरण्या मुलांपुढे ते नाव तिला उच्चारायचंच नव्हतं. बसमध्ये बसून द्वारकेच्या चौकापर्यंत ती स्वतःला समजावत राहिली की मुळात जी नव्हतीच ती गेली कशी म्हणायची. द्वारकेला गाड्यांच्या गर्दीत बस अडकली, आणि तिला कळलं की आपण रडतोय. शेजारच्या बाईने खिडकी लावून घेतली. तिला वाटलं उज्वलाच्या डोळ्यांत धूर जातोय.

पुढचे दोन दिवस उज्वलाने मान खाली घालून फूटपट्टी सरकवली. आणि मग तिला सावळीराम तात्या भेटले.

ओझरकडच्या एका लग्नाची पत्रिका होती. छापील पत्रिकेत वधू ‘कै. सावळीराम तात्या यांची नात’ होती. खंडेरावांच्या फॉन्टमध्ये ‘कै.’ची मात्रा वेडीवाकडी पडायची, म्हणून ते त्याऐवजी एक खास चिन्ह वापरत. हीसुद्धा एक आडवाट. सॉफ्टवेअरला ते चिन्ह कळलं नाही, म्हणून त्याने ते टाकून दिलं. तेवढ्यावर थांबतं तरी बरं. पण पुरुषाच्या नावाआधी काहीच दिसलं नाही तर पत्रिका उघडी वाटू नये म्हणून ‘श्री.’ लावायचं, असंही सुयशने त्याला शिकवून ठेवलं होतं. झालं. मेलेले तात्या श्री. सावळीराम होऊन नातीच्या लग्नाला हजर.

उज्वलाला आधी हसू फुटलं. मग तिने ती ओळ पुन्हा वाचली. हे सॉफ्टवेअर गेलेल्याला उठवून बसवतंय, आणि जी कधी आलीच नाही तिला दुसऱ्यांदा नाहीशी करतंय, आणि दोन्ही वेळा पडदा हिरवाच. तात्यांच्या खांद्यावर बंदूक ठेवून आपण आपलं साधून घेतोय हे तिला कळत होतं. तरी ती उठली. तात्यांनीही समजून घेतलं असतं.

सुयशने पडद्यावरची ओळ वाचली आणि छापील पत्रिका ओढून घेतली. अशी पत्रिका गावात वाटली गेली असती तर काय झालं असतं, हे त्याला सांगावं लागलं नाही. त्याने चिन्हाची नोंद करून घेतली आणि म्हणाला की हे एक चिन्ह शिकवलं की झालं. उज्वला तिथेच उभी राहिली.

“सर, हे एक शिकवाल. उद्या दुसरं निघेल,” ती म्हणाली. “प्रत्येक दुकानवाल्याची आपली आपली खोड असते. आपल्याला नाही कळलं म्हणून टाकून द्यायचं, हे बरं नाही. आणि मनानेच काहीतरी लावून मोकळं व्हायचं, हेही बरं नाही.”

“मग काय करू, काकू? अडलं तर लोक म्हणतात चालत नाही. चालवलं तर हे असं होतं.”

“चालवा की. जेवढं कळलं तेवढं बदला. नाही कळलं ते आहे तसं, आहे तिथंच ठेवा, आणि सांगा की हे मला कळलं नाही. ज्याचं आहे त्याला विचारा. दुसऱ्याच्या घरात एखादी वस्तू सापडली, आपल्याला ओळखू आली नाही, तर आपण ती उकिरड्यावर टाकतो का?”

सुयशने तेजलला हाक मारली, आणि दोघांची डोकी पडद्यावर वाकली. मुलगा गुणी होता. स्वतःचं लिहिलेलं खोडायला त्याला वेळ लागला नाही, आणि तेवढ्यानेच उज्वलाला त्याच्याबद्दल माया वाटली.

शनिवारच्या आदल्या दिवशी दुपारी सॉफ्टवेअर तिसऱ्यांदा तयार झालं. आता ते अडत नव्हतं आणि लपवतही नव्हतं. न कळलेला मजकूर जागच्या जागी पिवळा करून ठेवायचं आणि खाली विचारायचं: हा मजकूर ओळखता आला नाही. ठेवायचा की काढायचा? खंडेरावांच्या फायली पुन्हा चढवल्या. पहिलीच पत्रिका उघडली आणि चौकटीबाहेर, उजव्या कोपऱ्यात, इंग्रजी अक्षरांचा एक छोटा पिवळा काला उभा राहिला.

सुयश मागून बघत होता. काका पानाबाहेर काय लिहून ठेवायचे कुणास ठाऊक, कचराच दिसतो सगळा, सगळीकडे एकदम काढा म्हणू का, असं त्याने विचारलं.

“कचरा नाही,” उज्वला म्हणाली. “मी बघते एकेक.”

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, तो निमूट आपल्या टेबलाकडे गेला. तिने तो काला वाचला. चि. वेदिका. होती. अजून होती. तिने ‘ठेवा’ दाबलं, आणि पुढची उघडली. पुन्हा चि. वेदिका, पुन्हा ‘ठेवा’. पत्रिका जुन्याकडून नव्याकडे लागलेल्या होत्या. काही वेळाने तिचा हात सवयीने चालू लागला आणि डोळे मागे पडले. म्हणूनच एका ठिकाणी ‘ठेवा’ दाबल्यावर तिला मागे यावं लागलं. काला जरा बदलला होता.

‘कु. वेदिका’ असं तिथे होतं. चि. नाही, कु. खंडेरावांनी मुलीला किलबिलीतून काढलं होतं. मोठ्या झालेल्या मुली किलबिलीत नाव टाकू देत नाहीत, रुसतात, हे पत्रिकावाल्याला चांगलं ठाऊक असतं. उज्वला एकेक पत्रिका उघडत गेली. काही वर्षं ती कु. वेदिका होती. मग एका फायलीत ‘करवली : कु. वेदिका’ झाली. कुणाच्या लग्नात, तर जिचं लग्न होतं त्या परक्या मुलीच्याच. मग एकदा ‘कु. वेदिका (बी.एस्सी.)’ आली आणि उज्वलाला तोंडावर हात धरावा लागला. बी.एस्सी. ती स्वतः करणार होती. मधेच लग्न ठरलं होतं.

म्हणजे हा माणूस कोपऱ्यात एक नाव जपून बसला होता, असं नाही. तो पोरगी वाढवत होता. आणि ती घरी सासूबाईंचं औषधपाणी करत, आपल्या एकटीलाच आठवण येते असं समजून वर्षानुवर्षं झुरत बसली होती. तिला खंडेरावांचा मनस्वी राग आला, आणि त्या रागातच त्यांना कधी एकदा बघते असं झालं. पोरगी एवढी मोठी होईपर्यंत आईला सांगायचं नाही म्हणजे काय?

शेवटची पत्रिका दुकान बंद व्हायच्या आधीची होती. चौकटीबाहेरचा पिवळा काला आता कोपऱ्यात मावत नव्हता. चार ओळी होत्या. तिने फूटपट्टी पडद्याला लावली आणि ओळीओळीने वाचलं. चि. सौ. कां. वेदिका. सौ. उज्वला व श्री. खंडेराव यांची ज्येष्ठ कन्या. तिसऱ्या ओळीत नुसतं ‘चि.’ आणि पुढे मोकळी जागा. चौथ्या ओळीत ‘यांचा शुभविवाह’, एवढंच. तारीख नव्हती.

खाली सॉफ्टवेअर विचारत होतं, ठेवायचा की काढायचा. कुसाबाईंनी विचारलं होतं तसंच, भांडण न काढता. उज्वलाने डोळे पुसले आणि उत्तर दिलं.

घरी आली तेव्हा खंडेराव ओट्यापाशी पाटावर बसून मेथी निवडत होते. दिसत कमी असलं तरी बोटांना देठ कळायचा. तिने चप्पल काढली, हातपाय धुतले, चहा टाकला, आणि त्यांच्यासमोर बसून जुडीतला अर्धा भाग ओढून घेतला.

तुमच्या फायली आज पास झाल्या, असं तिने सांगितलं. सगळ्या का, असं त्यांनी विचारलं.

“सगळ्या,” ती म्हणाली. “पानाबाहेरच्यासुद्धा.”

खंडेरावांची बोटं एका देठावर थांबली. मान त्यांनी वर केली नाही, कुसाबाईंपुढे केली नव्हती तशीच. चहा उतू जायला आला तेव्हा उज्वला उठली, गॅस बारीक केला आणि परत येऊन बसली.

“शेवटच्या पत्रिकेत एक चूक आहे,” ती म्हणाली.

“कोणती?”

“नवऱ्या मुलाचं नावच नाही. नुसती जागा सोडलीय.”

खंडेरावांनी हातातली पानं एकेक करून परातीत टाकली. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते लपवायचा प्रयत्न त्यांनी केला नाही.

“इतक्या नवरदेवांची नावं टाइप केली,” ते म्हणाले. “लय पाह्यले. एक बी तिच्या जोगा नाय वाटला.”

उज्वलाने त्यांच्या हाताला लागलेली मेथीची माती आपल्या पदराने पुसली. त्या घरात इतक्या वर्षांत कुणी उच्चारलं नव्हतं ते नाव तिने साध्या आवाजात घेतलं, शेजारच्या खोलीत कुणी अभ्यास करत बसलेलं असावं तसं.

“आणि वेदिकाला विचारलं होतंत का?”

खंडेरावांनी मान हलवली. “तिला इचारायचंच राह्यलं,” ते म्हणाले.